आमच्या मुलुखातील बारवा व त्यांचे जीर्णोद्धारक

धर्मग्रामाचा इतिहास म्हणजे प्रार्थनामंदिराची कोनशिला, धर्मगुरूंची नामावळी आणि बाप्तिस्म्याची नोंदवही, असा सामान्यतः समज असतो. तो इतिहास ह्या स्मरणिकेत इतरत्र यथास्थित आलेला आहे. परंतु ज्या भूमीवर आमची मंडळी पिढ्यान्पिढ्या राबली, त्या भूमीचाही काही वृत्तान्त महोत्सवाच्या निमित्ताने लिहिला जावा असे आम्हांस वाटले, म्हणून हा लेख. विषय आहे बारवांचा. म्हणजे ज्या जुन्या विहिरींत पायऱ्या उतरून पाण्यापर्यंत जाता येते त्यांचा. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्यापूर्वीचा इतिहास दोहोंचा एकच असल्यामुळे येथे जुना परभणी जिल्हाच डोळ्यांसमोर ठेवला आहे.

बारव ही साधी विहीर नव्हे. मोटेच्या विहिरीस धाव लागते, आडास रहाट व पोहरा लागतो. बारवेस मात्र मनुष्याच्या पायांवाचून काहीच लागत नाही. पावसाळ्यात पाणी वरच्या पायरीस भिडते, वैशाखात ते तळाशी जाते, आणि घागर घेतलेली बाई त्या पाण्यामागोमाग एकेक पायरी खाली उतरत जाते. प्राचीन शिल्पशास्त्राने ह्या विहिरींचे प्रवेशांवरून चार प्रकार मानले आहेत: एका वाटेची ती नंदा, दोहोंची भद्रा, तिहींची जया व चारही बाजूंनी वाट असलेली ती विजया. भिंतींत देवकोष्ठे ठेवलेली असतात. घडीव काळा पाषाण एकावर एक असा बसविलेला असतो की चुन्याची गरजच पडू नये. ह्या बांधणीस लोक सरसकट हेमाडपंती म्हणतात. हेमाद्री पंडित हा देवगिरीच्या महादेव व रामचंद्र ह्या यादव राजांचा मंत्री. त्याचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. तथापि चुन्यावाचून दगड बसविण्याची ही रीत त्याच्याही पूर्वीपासून चालत आली होती, हे ध्यानात ठेविले पाहिजे. लोकांनी एका नामांकित पुरुषाचे नाव सर्व कामास दिले, आणि ज्या पाथरवटांनी ते दगड प्रत्यक्ष घडविले त्यांची नावे कोठेही राहिली नाहीत.

आमच्या जिल्ह्यात औंढा येथील नागनाथाच्या आवारात सासू-सुनेची बारव म्हणून एक प्रसिद्ध आहे. ती मोठ्या तीर्थाच्या आश्रयास असल्याने तिला यात्रेकरूंचे पाय तरी लागत राहिले. परंतु ज्या बारवा गावकुसाशी किंवा शिवारात एकट्या पडल्या, त्यांची दशा फार वाईट झाली. गेल्या शतकात नळ आले, बोअर आले, विजेचे पंप आले. पाणी दारात आल्यावर शंभर पायऱ्या कोण उतरणार? प्रथम उतरणे थांबले, मग गाळ काढणे थांबले, आणि शेवटी गावचा कचरा टाकण्यास ती आयती जागा झाली. पिंपळाची मुळे सांध्यांत शिरली व त्यांनी घडीव दगड बाहेर ढकलले. कित्येकांचे दगड तर उचलून नेऊन घरांच्या पायांत घातले गेले.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे, कारण बारवांचे हल्लीचे गुणगान करणारे पुष्कळदा ती गाळतात. बारव ओस पडण्यास केवळ लोकांचा आळस कारण नव्हता. नारू हेही एक कारण होते. नारूचा रोगी दुखऱ्या पायाने पायरीवरून पाण्यात उतरला की त्याच्या फोडातून जंतू पाण्यात जात, पाण्यातील सूक्ष्म किड्यांच्या पोटी वाढत, आणि तेच पाणी न गाळता पिणाऱ्याच्या अंगात सुमारे वर्षाने हातभर लांबीचा दोऱ्यासारखा कृमी तयार होई. महाराष्ट्र हा नारूग्रस्त प्रांतांपैकी एक होता. १९८३-८४ पासून सरकारने नारूनिर्मूलनाची मोहीम चालविली, तीत पायऱ्यांच्या विहिरी बंद करणे वा त्यांना कठडे घालून पाणी वरून शेंदावयास लावणे हा मुख्य उपाय होता. देशातील शेवटचा रोगी १९९६ साली आढळला व २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. म्हणून ज्या अधिकाऱ्यांनी बारवा बंद केल्या त्यांस दूषण देण्याचे कारण नाही. त्यांनी मुलांचे पाय वाचविले.

आता ह्या विहिरींचे नशीब पुन्हा फिरले आहे, आणि ते फिरविले आहे गावोगावच्या तरुण मंडळींनी. सेलू तालुक्यातील वालूर येथे एक अपूर्व बारव आहे. तिच्या पायऱ्या सरळ खाली न जाता चक्रासारख्या वळणांनी पाण्यापर्यंत उतरतात. ती कित्येक वर्षे केरकचऱ्याने व गाळाने भरलेली होती. २०२१ च्या सुमारास गावकऱ्यांनी श्रमदानाने ती मोकळी केली, आणि जी वास्तू शेजारच्या तालुक्यासही ठाऊक नव्हती ती पाहण्यास दूरदूरचे लोक येऊ लागले. जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे तर जुन्या मंदिरांचे व कोरीव स्तंभाचे गाव. तेथील गोकुळेश्वराजवळील बारवही गावकऱ्यांच्या श्रमांनी उजेडात आली. त्याच सुमारास महाराष्ट्र बारव मोहीम ह्या नावाने सर्व प्रांतातील अशा विहिरींची नोंद करण्याचे काम सुरू झाले व तिच्या प्रेरणेने महाशिवरात्रीस बारवांच्या पायऱ्यांवर दिवे लावण्याची चाल अनेक गावांत पडली. ह्या मंडळींत इतिहासाचे पदवीधर थोडे. शेतकरी, विद्यार्थी, दुकानदार व शिक्षक बहुत. फावडे, कुदळ, घमेले एवढीच सामग्री. पुरातन वास्तूंच्या रक्षणास १९५८ चा केंद्राचा व १९६० चा राज्याचा कायदा आहे खरा, परंतु खेड्यातील बहुतेक बारवा कोणत्याच यादीत नाहीत. तेव्हा त्यांचा वाली गावच.

मग आमच्या धर्मग्रामातील लोकांनी ह्या कामात पडावे की नाही? हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाही. आमच्या मंडळीपैकी बहुतेकांचे आजे-पणजे ज्या वस्तीतून आले त्या वस्तीस ह्या पायऱ्या उतरण्याची मनाई होती. वृद्ध स्त्रियांच्या तोंडून आम्ही ऐकले आहे की त्यांच्या सासवा काठावर रिकामी घागर ठेवून दूर उभ्या राहत, आणि कोणा दयाळू बाईने वरून पाणी ओतले तर घेऊन जात. नाही तर नदीच्या वाळूत झरा उकरीत. दगड वाहण्यास त्यांचे हात चालले असतील. पाणी घेण्यास चालले नाहीत. अशा विहिरीचे कौतुक आम्ही कोणत्या तोंडाने करावे, असे आमच्या एका तरुणाने आम्हांस विचारले. प्रश्न रास्त होता व त्याला घाईघाईने उत्तर देणे आम्हांस बरे वाटले नाही.

पाण्याच्या ह्या हक्कासाठी महाराष्ट्रात काय काय झाले ते तरुणांनी ओळीने वाचावे. जोतीराव फुल्यांनी १८६८ साली आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीने घेतले. तळे सार्वजनिक ठरविणारा निकाल उच्च न्यायालयातून १९३७ साली आला. आमचा मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. तो मोकळा झाला १७ सप्टेंबर १९४८ रोजी, आणि त्यानंतर सोळा महिन्यांनी अमलात आलेल्या राज्यघटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी व तळी ह्यांचा नाव घेऊन उल्लेख झाला. एवढ्या मोठ्या ग्रंथात विहिरीसाठी जागा का करावी लागली, हे ज्याला समजले त्याला ह्या देशाचा निम्मा इतिहास समजला. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात याकोबाच्या विहिरीवर जी शोमरोनी स्त्री आली, तिचे आश्चर्यही ह्याच जातीचे होते: हा पुरुष माझ्या हातचे पाणी मागतो कसा?

आमचे मत असे की ह्याच कारणासाठी आमच्या मंडळीने खाली उतरावे. ज्या पायरीवर आजीस उभे राहू दिले नाही, त्या पायरीवरील गाळ नातवाने शेजाऱ्याबरोबर एका घमेल्यात भरावा, ह्याहून स्पष्ट उत्तर आम्हांस सुचत नाही. बारव कचऱ्याखाली गाडलेली राहिली तर तिच्याबरोबर मनाईची साक्षही गाडली जाते. ज्या गावात श्रमदानास सर्व वस्त्यांना बोलावणे गेले नाही, तेथे दगड निघाले तरी जीर्णोद्धार झाला असे आम्ही म्हणणार नाही.

कामाविषयी दोन शब्द, कारण उत्साह पुष्कळ वेळा वास्तूस बाधतो. गाळ चैत्र-वैशाखात, पाणी तळाशी असता काढावा. यंत्र काठाशी आणू नये. त्याच्या भाराने सुटे दगड आत कोसळतात. झाड उपटून काढू नये, कारण मुळांबरोबर भिंत येते. ते कापून, मूळ हळूहळू मारावे. जो दगड निघेल त्यावर खडूने आकडा घालून तो कोठला ते टिपावे. सिमेंट व रंग ह्यांस स्पर्शही करू नये. काही ठिकाणी भक्तीच्या भरात कोरीव मूर्तींस तैलरंग फासलेला पाहून वाईट वाटते. बारव कोणत्या यादीत आहे किंवा नाही, हे पुरातत्त्व खात्याकडे आधी विचारावे व ग्रामपंचायतीचा ठराव घ्यावा. आणि ते पाणी कितीही निर्मळ दिसले तरी तपासल्यावाचून पिऊ नये.

वालूरच्या धर्तीवर आपल्या गावची बारव मोकळी करू इच्छिणाऱ्या तरुणांनी एक जाड वही घालावी. तीत लांबी, रुंदी, पायऱ्यांची संख्या व झऱ्याची दिशा तर यावीच. पण हे पाणी कोणी भरले, काठावर कोण थांबले व कोणत्या सालापासून सर्वांनी भरले, हेही म्हाताऱ्यांस विचारून त्याच वहीत उतरावे. हे सांगू शकणाऱ्या आमच्या धर्मग्रामातील व्यक्ती आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच उरल्या आहेत. ह्या उन्हाळ्यापूर्वी त्यांच्याकडे कोणीतरी जावे.