कच्चा लिंबू

चैत्र पौर्णिमेची यात्रा पांगली की पुढचे काही दिवस वाडी रत्नागिरीच्या बोळांतून पोरांच्या सासनकाठ्या निघतात. वेळूच्या कामटीला फडकं बांधायचं, उरलासुरला गुलाल उधळायचा, तेलाचा रिकामा डबा हलगी म्हणून बडवायचा आणि ‘चांगभलं’ म्हणत यमाईच्या वाटेला लागायचं. मोठ्यांच्या मिरवणुकीत कुठल्या गावची काठी कितव्या मानाची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे. पोरांच्या मिरवणुकीत मान पाळीने फिरतो. आज काठी धरणारा उद्या डबा वाजवतो. ही वाटणी त्यांना कुणी शिकवलेली नसते. आपणही लहानपणी हेच केलं आणि मोठेपणी विसरलो.

पोरांच्या खेळाकडे मोठ्यांनी लक्ष देऊन पाहिलं, असे प्रसंग आपल्या महाराष्ट्राच्या इतिहासात थोडे आहेत. पण जे आहेत ते मोलाचे आहेत. स्मरणिकेच्या निमित्ताने त्यांची उजळणी करावीशी वाटते.

पहिलं नाव तुकोबांचं. गाथेत विटीदांडू, टिपरी, चेंडूफळी, हमामा, मृदंगपाट्या अशा खेळांवरचे अभंग आहेत. परमार्थाची गोष्ट सांगायला त्यांनी शेत, बाजार, संसार यांच्याइतकाच पोरांचा डावही जवळचा मानला. वारीत आजही पिकल्या केसांची माणसं फुगडी घालतात, एकमेकांच्या पाया पडतात. खेळताना लहानथोर हा भेद गळून पडतो, हे वारकऱ्यांनी पोरांकडूनच उचललं असावं.

पोरं आणखी एक काम करतात. मोठ्यांनी टाकून दिलेलं ती जपून ठेवतात. विटीदांडू खेळताना आपण ‘वकट, लेंड, मूंड, नाल’ असं मोजत होतो. शाळेतल्या पाढ्यांत हे आकडे कुठेच नव्हते. तेलुगूत एक, दोन, तीन, चार म्हणजे ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. शेजारभाषेशी असलेल्या जुन्या नात्याची ही खूण पोथ्यांनी नव्हे, तर विटी कोलणाऱ्या पोरांनी तोंडी सांभाळली. भाषा आणि प्रांत यांवरून मोठी माणसं भांडत असताना इकडे पोरं शेजाऱ्याच्या आकड्यांत आपला डाव मोजत होती.

विसाव्या शतकात मोठ्यांनी या खेळांकडे निराळ्या नजरेने पाहिलं. 1906 साली स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने देशी खेळांना नियमांत बांधायला सुरुवात केली. अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने 1935 साली खो-खोचे नियम छापून प्रसिद्ध केले. 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने तिथे देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला जागा मिळाली आणि भारताने सुवर्णपदक घेतलं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला दोन्ही गटांत भारत जिंकला. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. मातीतल्या खेळाने इथवर मजल मारली याचा आनंद आपल्या पिढीला झालाच पाहिजे.

नियमांच्या पुस्तकात मैदानाची मापं आली, वेळ आली, गडी किती हे आलं, पंचही आले. एक गोष्ट मात्र राहून गेली, ती म्हणजे कच्चा लिंबू. कुणी त्याला लिंबूटिंबू म्हणत.

डोंगरावर दुकानं सांभाळणाऱ्या, नारळ-दवणा विकणाऱ्या घरांतून मोठ्या पोरीच्या कडेवर धाकटं भावंड असायचंच. ते सोडून ती खेळायला कशी येणार? आणि आलीच, तर त्या पोराचं काय करायचं? यावर तोडगा ठरलेला होता. ते पोर कच्चा लिंबू. ते डावात धावणार, ओरडणार, लपणार; पण धरलं गेलं तरी बाद नाही आणि त्याच्यावर राज्य नाही. दोन वर्षांनी तेच पोर न सांगता पक्का गडी व्हायचं. कधी झालं, हे कुणाला आठवायचंही नाही. दुबळ्याला खेळात घ्यायचं, त्याच्यामुळे खेळ मोडू द्यायचा नाही आणि त्याला कायम दुबळाही ठेवायचं नाही, या तिन्ही गोष्टी पोरांनी एका शब्दात बसवल्या होत्या.

हीच अडचण मोठ्यांसमोर शिक्षणात उभी राहिली. आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी 1917 साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. त्या काळी एवढं धाडस फार थोड्यांनी केलं. शाळेचं दार सर्वांना उघडलं, पण घरचं कडेवरचं मूल कुणी सांभाळायचं, गुरं कुणी राखायची, हा प्रश्न गरिबाच्या दारात उरलाच.

त्याचं उत्तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी शोधलं. 1945 साली त्यांनी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा मुलांना दोष न देता बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ‘अंगणवाडी’ हा शब्द तिथला. पुढे 1957 मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेलं. तिथल्या आदिवासी मुली धाकटी भावंडं सांभाळायची म्हणून शाळेत येत नसत. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून विकासवाडी उभी केली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. मुलं जिथे गुरं घेऊन जात, तिथेच शिक्षण. 1975 साली देशभर एकात्मिक बालविकास योजना आली, तीही अंगणवाडी हेच नाव घेऊन. त्या दोघींनी केलं ते आपल्या मोठ्या पोरी बोळात रोज करत होत्या: कडेवरच्या पोरासकट ताईला डावात घेणं. कोसबादची टेकडी आणि आपला डोंगर यांत मोठं अंतर आहे, पण गोष्ट एकच आहे.

आता आपल्या मेळाव्याबद्दल. निमंत्रणांची यादी दहावीच्या निकालपत्रावरून झाली आहे. ते सोयीचं होतं, यात शंका नाही. पण पहिलीच्या हजेरीपटावर आपण जितके होतो, तितके दहावीला नव्हतो. कुणी चौथीनंतर दुकानावर बसलं, कुणी सातवीनंतर शेतात गेलं, काही मुलींची लग्नं झाली. गुरुजी आणि बाईंनी काहींच्या घरी खेटे घातले. काही परत आले, काही नाही. ही माणसं आपल्याच डावातली. सूरपाट्या त्यांनी आपल्यापेक्षा चांगल्या खेळल्या, आपल्याला झाडावर चढायला त्यांनीच शिकवलं. निकालपत्राने त्यांना बाद धरलं, पण आपल्या खेळाच्या नियमात ती बाद होत नाहीत.

म्हणून संयोजकांना विनंती आहे की पुढच्या वेळी यादी पहिलीच्या हजेरीपटावरून करावी. नावं शोधायला वेळ लागेल. ज्यांच्या त्यांच्या गल्लीतल्यांनी वाटून घेतलं तर जमेल. वर्गणी ज्याला झेपेल त्याने द्यावी, ती कुणी किती दिली हे वाचून दाखवू नये. व्यासपीठावरचा मान पाळीने फिरवावा. आणि संध्याकाळी मैदानावर एक डाव मांडावा. आपली नातवंडं त्यात असतीलच. गुडघे दुखणाऱ्यांनीही यावं. आता कच्चा लिंबू होण्याची पाळी आपली आहे, आणि पोरं आपल्याला डावात घेतात की नाही ते पाहू. मला वाटतं, घेतील.