सड्यावरची पारध

गोव्यात वाळवंट नाही असे ज्याला वाटते, त्याने एप्रिलच्या दुपारी पेडण्याचा सडा चढून यावा. वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारा हा मुलूख. पण जांभ्या दगडाच्या त्या सपाट पाठीवर पाणी टिकत नाही. श्रावणात तिथे पाऊलभर उंचीची फुले असतात, खड्ड्याखड्ड्यांत बेडूक ओरडत असतात. दिवाळी सरली की गवत पिवळे पडते आणि फाल्गुनात उरतो तो तापलेला लालकाळा कातळ. सावलीला झाड नाही, आडोशाला झुडूप नाही. असतील तर करवंदीच्या जाळ्या, आणि त्याही दूर दूर. मोपा, वारखंड, नागझर या बाजूचे सडे असे आहेत. डिचोलीकडे लाटंबार्से, मेणकुऱ्याच्या माथ्यांवरही हीच तऱ्हा.

मी पेडणे तालुक्यातला. मराठी शाळेत इतिहास शिकवण्यात आयुष्य गेले. मुलांना पानिपत शिकवले, तह शिकवले. पण आमच्याच सड्यावर माणसाने कशी गुजराण केली, हे कोणत्याही पाठात नव्हते. ते मी आजोबांकडून ऐकले. आजोबांच्या हाती ठासणीची बंदूक होती. त्यांच्या वडिलांच्या हाती धनुष्य. सड्यावर धनुष्याने हरीण मारणे म्हणजे काय, ते आजोबा आपल्या वडिलांच्या शब्दांत सांगत. मी ते लिहून ठेवतो आहे. शिकारीची हौस म्हणून नव्हे. त्या सांगण्यात सड्याचा जेवढा अभ्यास होता, तेवढा मी नंतर कुठल्याच कागदावर पाहिला नाही.

आमच्याकडे हरणाच्या जातीचे मुख्य प्राणी दोन. सांबर, ज्याला आम्ही मेरू म्हणतो, आणि भेकर. चितळ आमच्या बाजूला क्वचित. पिसोरी राईच्या आत, पाचोळ्यात. मेरू दिवसा व्हाळाकाठच्या, म्हणजे ओढ्याकाठच्या, दाट रानात बसून असतो आणि काळोख पडला की माथ्यावर येतो. भेकर एकटे, फार तर जोडीने, दिवस मावळताना आणि उजाडताना बाहेर पडणारे. दोघांनाही उन्हाळ्यात पाणी हवेच. इथूनच सड्यावरच्या शिकारीचा विचार सुरू होतो, कारण चैत्रात माथ्यावरचे सगळे खड्डे कोरडे पडतात आणि पाणी उरते ते ठरावीक जागी: कातळाच्या भेगेत झिरपणारी एखादी झर, व्हाळाच्या उगमापाशी एखादा कोंड. ज्याला या जागा ठाऊक, त्याला जनावरामागे धावावे लागत नसे. जनावरच त्याच्याकडे येई.

पण पाणी ठाऊक असून भागत नाही. आजोबा म्हणत, हरणाचे डोळे चुकवता येतात, नाक चुकवता येत नाही. आमचा तालुका समुद्राला लागून. उन्हाळ्यात दुपारनंतर खारा वारा पश्चिमेकडून येतो आणि दिवस मावळेपर्यंत वाहतो. रात्री तो पडतो आणि पहाटे मतलई वारा डोंगराकडून समुद्राकडे निघतो. म्हणून संध्याकाळी पाण्यावर बसायचे तर पाण्याच्या पूर्वेला, आणि पहाटे बसायचे तर पश्चिमेला. दोन्ही बाजूंना जांभ्याच्या सुट्या दगडांचा गुडघाभर उंच, अर्धगोल आडोसा रचलेला असे. असे दगडांचे रचलेले अर्धगोल मी लहानपणी सड्यावर पाहिले आहेत. गुराख्यांची पोरे त्यांत बसून करवंदे खात. दोन वारे बदलण्याच्या मधल्या वेळात हवा गरगरते, वास कुठेही जातो. त्या वेळी बसण्यात अर्थ नाही, हेही त्यांना ठाऊक होते.

बसणाऱ्याने त्या दिवशी विडी ओढायची नाही, डोक्याला तेल लावायचे नाही. उन्हे असतानाच जाऊन बसायचे, म्हणजे आपल्या पावलांचा वास कातळ निवेपर्यंत विरतो. मग हलायचे नाही. उघड्या सड्यावर हरणाला आकार ओळखता येत नाही, पण हालचाल लगेच कळते. आणि एकदा भेकर भुंकले की त्या रात्रीची शिकार संपली. कुत्र्यासारखे ते भुंकणे बराच वेळ चालते आणि साऱ्या रानाला कळते.

हत्याराबद्दल. धनुष्य माणग्याचे. माणगा हा आमच्या कोकणपट्टीचा बांबू, आतून जवळजवळ भरीव, चिवट. पावसाळा संपल्यावर काळोख्या पंधरवड्यात तोडायचा, म्हणजे भुंगा लागत नाही अशी समजूत. मग चुलीवरच्या माळ्यावर धुरात महिनोन्महिने वाळवायचा. दोरी केवणीच्या वाखाची, पिळून पिळून केलेली. बाण बारीक चिवारीचे, मागे पिसे, पुढे गावच्या लोहाराने ठोकलेले लोखंडी पाते. सशासाठी, पाखरांसाठी पाते नसलेले, बोथट टोकाचे बाण वेगळे. हरणासाठी पाते रुंद आणि धारदार लागते, कारण बाणाने हरीण धक्क्याने मरत नाही. रक्त जाऊन मरते. म्हणून अंतर फार महत्त्वाचे. वीस-पंचवीस पावलांच्या पलीकडे सोडायचा नाही, हा आजोबांच्या वडिलांचा नियम. त्यापुढे बाण पोचतो, पण लागायच्या जागी लागत नाही आणि जनावर जखमी होऊन रानात कुजते. तसे झाले तर त्या माणसाला पुढे पाण्यावर बसू देत नसत.

बाण लागल्यावर लगेच उठायचे नाही. हरीण थोडे धावते, मागे कोणी नाही असे पाहून बसते आणि तिथेच संपते. मागे धावाल तर ते रक्त गाळीत व्हाळात उतरेल आणि हाती लागणार नाही. कातळावर खुराचा माग उमटत नाही. म्हणून रक्ताचा थेंब, उलटलेला खडा, चिरडलेले वाळके गवत यांवरून माग काढावा लागे. यासाठी नजर लागते आणि त्याहून जास्त धीर.

एक नियम आजोबा पुन्हा पुन्हा सांगत: दिसल्याशिवाय बाण सोडायचा नाही. आवाजावर सोडणाऱ्याचे काय होते, ते आपल्याला रामायणाने सांगितले आहे. दशरथ काळोखात शरयूच्या काठी बसला होता, घागर भरण्याचा आवाज त्याला हत्तीच्या पाणी पिण्यासारखा वाटला आणि श्रावण मेला. आमच्याकडे श्रावणाची गोष्ट मातृपितृभक्तीची म्हणून सांगतात. आजोबा ती पाणवठ्यावर बसणाऱ्याला दिलेली ताकीद म्हणून सांगत.

हे ज्ञान किती जुने? गोव्याच्या दुसऱ्या टोकाला, सांगे तालुक्यात कुशावतीच्या काठावर, उसगाळीमळ येथे जांभ्याच्या कातळात बैल, हरणे, मोर, माणसे कोरलेली आहेत. 1993 मध्ये डॉ. प्रकाशचंद्र शिरोडकर यांच्या पुढाकाराने ती अभ्यासकांपुढे आली. सत्तरीत माउस गावी नदीपात्रातल्या दगडावरही जनावरे आहेत. आणि उत्तरेला, मालवण तालुक्यातल्या कुडोपीपासून रत्नागिरी-राजापूरपर्यंत सड्यांवर तीच कोरीव भाषा पसरलेली आहे. 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत कोकणच्या कातळशिल्पांची नऊ ठिकाणे गेली, त्यांत आठ महाराष्ट्रातली आणि एक गोव्यातले. ही शिल्पे कोरणाऱ्यांनी नांगर कोरला नाही. त्यांनी जनावरे कोरली. पेडणे आणि डिचोलीचे सडे या दोन टोकांच्या नेमके मध्ये येतात. इथे कातळावर काही कोरलेले नसेलच, असे मी मानायला तयार नाही. पण त्यासाठी कोणीतरी पायी फिरून पाहायला हवे.

लिखित पुरावा येतो तो बाराव्या शतकात. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याचा ‘मानसोल्लास’ मराठी वाचकाला ओवीच्या जुन्या उल्लेखामुळे माहीत असतो. त्याच ग्रंथात राजाच्या विनोदांमध्ये मृगयाही सविस्तर आली आहे. हरणाच्या शिकारीच्या कितीतरी रीती आहेत, त्यांत पाळलेले हरीण पुढे सोडून रानातले हरीण जवळ आणण्याचीही एक. आता हे लक्षात घ्या: गोव्याचा कदंब राजा जयकेशी दुसरा याची राणी मैलळदेवी ही चालुक्य विक्रमादित्य सहावा याची मुलगी, म्हणजे सोमेश्वराची बहीण. ‘मानसोल्लास’ लिहिणारा हा गोव्याच्या राजाचा मेहुणा होता. त्या काळच्या गोव्यात राजवाड्यातली मृगया कशी चालत असेल, याची कल्पना या ग्रंथावरून करता येते. मात्र राजाची मृगया आणि सड्यावरच्या माणसाची पारध यांत फरक आहे. राजासाठी रान राखलेले असे, माणसे हरीण वळवून आणत. आमच्या पणजोबांना वारा स्वतः ओळखावा लागे.

गावाची सामूहिक पारध शिमग्याच्या सुमारास. आधी देवळात गाऱ्हाणे, मग हाकारे रानाच्या एका अंगाने ओरडत, ढोल वाजवत निघत. दुसऱ्या अंगाला, जिथे घळ अरुंद होते तिथे, धनुष्यवाले आणि वाघरी, म्हणजे जाळी, लावलेले लोक. पहिला बाण ज्याचा त्याला मांडी, बाकी घरटी सारखे वाटे, कुत्र्यांचा वाटा वेगळा, देवाचा आधी. ज्याच्या घरी पुरुष नव्हता, त्या घरालाही वाटा जाई.

1781 मध्ये डिचोली आणि 1788 मध्ये पेडणे पोर्तुगीजांकडे गेले. राज्यकर्ते बदलले, सड्यावर फारसे बदलले नाही. बदल केला बंदुकीने, आणि तोही हळूहळू. ठासणीच्या बंदुकीला एकदा बार काढला की पुन्हा भरायला वेळ लागे, त्यामुळे जवळ जाण्याचे, वाट पाहण्याचे शिक्षण काही काळ टिकले. खरा नाश पुढे झाला, काडतुसाच्या बंदुका, जीप आणि कपाळाला बांधायची बॅटरी आल्यावर. उजेडात हरीण दिपून उभे राहते. मग पाणी कुठे, वारा कुठला, काही कळायची गरज उरत नाही. माझ्या मते सड्यावरचे मेरू संपवले ते या बॅटरीने.

धनुष्य मात्र एका समाजाच्या हाती राहिले. वानरमारे. नारळाच्या बागायतीत माकडांचा उपद्रव झाला की बागायतदार त्यांना बोलावत. ते काटक, अबोल लोक आमच्या कुळागरात येत आणि माडाच्या शेंड्यावर बाण मारीत, हे मी पाहिले आहे. त्यांचे नाते कातकऱ्यांशी सांगतात. फोंडा तालुक्यात निरंकाल येथे त्यांची वस्ती आहे, सिंधुदुर्गातही आहेत. 2003 मध्ये गोव्यात गावडा, कुणबी आणि वेळीप समाजांना अनुसूचित जमातींत स्थान मिळाले; वानरमाऱ्यांना नाही. त्यांचे शिकार करणे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद झाले, आणि त्यांच्याजवळचे रानाचे ज्ञान कोणी विचारलेही नाही.

असे ज्ञान कोणी विचारून घेतल्याचे अमेरिकेत एक उदाहरण आहे. 1911 मध्ये कॅलिफोर्नियात याही जमातीचा एकटा उरलेला माणूस, इशी, रानातून बाहेर आला. सॅक्स्टन पोप नावाच्या डॉक्टरने त्याच्याकडून धनुष्य करणे, हरणाजवळ जाणे शिकून घेतले. इशी 1916 मध्ये वारला. पोपचे पुस्तक 1923 मध्ये निघाले. आजही ॲरिझोनाच्या वाळवंटात कायद्याने ठरवलेल्या हंगामात धनुष्याने हरीण मारणारे लोक पाण्यावर बसतात, वाऱ्याचा विचार करतात, जवळ येईपर्यंत थांबतात. त्यांची धनुष्ये कप्प्यांची, बाण कार्बनचे. नियम तेच, जे मी आजोबांकडून ऐकले. इशीला निदान एक ऐकणारा मिळाला.

मला शिकार पुन्हा सुरू व्हावी असे मुळीच वाटत नाही. कायदा योग्य आहे आणि तो आणखी कडक पाळला जावा. आमच्या रानात आज जेवढे भेकर उरले आहे, त्यावर बाणही नको आणि फासकीही नको. पण ज्या सड्यावर हे सगळे घडले, तो सडाच जातो आहे. डिचोलीत खनिजासाठी माथेच्या माथे कापले गेले, कारण खनिज त्याच जांभ्याच्या टोपीखाली असते. मोप्याच्या सड्यावर विमानतळ झाला. 11 डिसेंबर 2022 रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली. तिथली धनगर कुटुंबे दुसरीकडे हलवली गेली. त्यांच्या गुरांचे पाणवठेही त्या माथ्यावरच होते.

पेडणे आणि डिचोलीच्या शिक्षकांना, पंचायतींना आणि घरात म्हातारी माणसे असलेल्या प्रत्येकाला माझे सांगणे आहे. या उन्हाळ्यात त्या म्हाताऱ्यांना घेऊन उरलेल्या सड्यांवर जा. झर कुठे होती, कोंड कुठला, वाटेचे नाव काय, दगडांचे आडोसे कुठे आहेत, कातळावर कुठे काही कोरलेले दिसते का, हे विचारा आणि जागा दाखवून नकाशावर लिहा. निरंकालला जाऊन वानरमाऱ्यांच्या जाणत्यांशीही बोला, आणि जे सांगतील ते त्यांच्या नावाने नोंदवा. पावसाळा लागला की कातळ शेवाळाने आणि गवताने झाकतो. हे काम मे संपण्याआधीच करता येते.