गिरणी, पीठ आणि मीठ

पासवर्डला मराठीत ‘परवलीचा शब्द’ म्हणतात. गंमत बघा, जो शब्द पहारेकऱ्याच्या कानातच सांगायचा, त्याचा अर्थ आपण ‘ऊठसूट ज्याच्यात्याच्या तोंडी असलेला’ असा करून टाकला! गुपिताच्या बाबतीत माणसाचा भरवसा किती धरावा, हे भाषेला आधीच कळलेले दिसते.

संगणकाला मात्र ते ठेच लागून कळले. 1961 च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत यंत्र एक आणि वापरणारे अनेक, म्हणजे आमच्या भाईंदर लोकलसारखाच प्रकार होता. फर्नांडो कॉर्बाटो यांच्या मंडळींनी प्रत्येकाला एक शब्द दिला आणि ते सगळे शब्द एका फायलीत जसेच्या तसे लिहून ठेवले. 1962 साली ॲलन शेर या संशोधकाला यंत्रावर जास्त वेळ हवा होता. त्याने ती फाईलच छापून घेतली! 1966 साली तर कहर झाला. दोन फायलींची अदलाबदल झाली आणि यंत्रापाशी येणाऱ्या प्रत्येकाला रोजच्या सूचनेऐवजी सर्वांचे पासवर्ड छापून मिळाले. सत्यनारायणाच्या प्रसादासारखे, न मागता!

इलाज पक्का झाला तो बेल प्रयोगशाळेतल्या युनिक्समध्ये, रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्पसन यांच्या हातून. शब्द जपायचाच नाही, दळून टाकायचा! ‘पासडब्ल्यूडी’ अशी आज्ञा द्यायची (इंग्रजी पासवर्डमधली दोन अक्षरे गिळली की ही तयार), नवा शब्द दोनदा टाकायचा. यंत्र त्याचे पीठ तेवढे ठेवते. पुढच्या वेळी तुमचा शब्द पुन्हा दळून पीठ पिठाशी ताडून बघते. पिठाचे परत गहू होत नाहीत. दोघांचा शब्द एकच निघाला तरी पीठ वेगळे दिसावे म्हणून त्यात चिमूटभर ‘मीठ’ घालतात, तेव्हा 4096 प्रकारांपैकी एक. ‘मीठ’ हा शब्द त्यांचाच. खाल्ल्या मिठाला जागणारे यंत्र निघाले! पण 1979 साली या दोघांनीच लिहिले की, तपासलेल्या 3289 पासवर्डांपैकी 86 टक्के सहज ओळखता येण्याजोगे होते. गिरणी उत्तम, गहूच किडके.

1984 च्या रंगराजन समितीच्या अहवालानंतर आपल्या बँकांत संगणक शिरले, आणि अनेक शाखांत हेच युनिक्स आले. आमच्या शाखेत ही गिरणी चालवायचे काम वीसेक वर्षांपूर्वी माझ्या गळ्यात पडले. बी.कॉम.ला संगणकाचे तोंड न पाहिलेला मीच काय तो तरुण! एकदा निवृत्तीला आलेले हेडकॅशियर काका आले.

“माझा पासवर्ड काय होता रे?”

“काका, तो मलाही दिसत नाही. नवा देऊ शकतो.”

“म्हणजे तुझ्यावरसुद्धा विश्वास नाही?” काका माझ्या वतीने दुखावले.

मी म्हटले, “काका, स्ट्राँगरूमची एक किल्ली तुमच्याकडे, दुसरी मॅनेजरसाहेबांकडे. ती काय तुम्ही चोर म्हणून?”

काका थोडा वेळ गप्प राहिले. “नाही रे. त्या दुसऱ्या किल्लीमुळेच तीस वर्षे मला रात्री झोप लागली. कमीजास्त झाले तर एकट्यावर बोट नको.”

मग ते खुर्चीवर बसले. टाकलेले अक्षर पडद्यावर उमटत नाही, साधा ठिपकासुद्धा नाही, हे मी समजावले. त्यांनी चष्मा पुसला, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाले, “जरा तिकडे बघ.”

मी खिडकीकडे तोंड केले.