दानाचे फळ

गासच्या शेजारच्या भुईगावात १९५६ साली अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. त्याआधी १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींना सोपाऱ्यास आठव्या लेखाचा तुकडा मिळाला होता. नवव्या लेखाचा आशय मार्मिक आहे. लोक आजारपणात, लग्नकार्यात, प्रवासाला निघताना नाना विधी करतात, पण त्यांचे फळ थोडे. सेवकांशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे आणि दान करणे हाच बहुफलदायी विधी होय. आपल्या भागातील दवाखाने लोकांसाठी जे काही करतात, त्यालाही हीच कसोटी लावून पाहू.

नेत्रशिबिर म्हटले की आपल्याला मोतीबिंदू आठवतो. १९७६ साली अंधत्व-नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तेव्हा मुख्य वैरी तोच होता. गढूळ झालेले भिंग काढले की दृष्टी परत येते; म्हणून एका दिवसाच्या शिबिरालाही मोठे फळ येई. मधुमेहाची गोष्ट निराळी. रक्तातील वाढलेली साखर डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या हळूहळू नासवते. डोळा दुखत नाही, खुपत नाही, आरंभी दिसतेही स्वच्छ. पुढे आत रक्तस्राव होऊन अंधारी येते, तेव्हा बहुधा वेळ निघून गेलेली असते.

हा पडदा जिवंत माणसात पाहण्याचे साधन हेल्महोल्ट्झने १८५१ साली दिले. १९२२ साली इन्सुलिन रोग्याला मिळाले. मधुमेही दीर्घकाळ जगू लागले आणि हा विकार अधिक दिसू लागला. इन्सुलिनचे हक्क त्याच्या शोधकांनी १९२३ साली टोरांटो विद्यापीठाला प्रत्येकी एका डॉलरला देऊन टाकले, हेही एक दानच. पुढे १९७६ सालीच अमेरिकेतील एका मोठ्या चाचणीने दाखविले की, वेळेवर प्रकाशकिरणांचा उपचार केल्यास दृष्टी गंभीरपणे जाण्याचा धोका निम्म्याहूनही कमी होतो. साखर आणि रक्तदाब आटोक्यात ठेवल्याने हा विकार लांबतो, हेही १९९३ आणि १९९८ सालच्या अभ्यासांनी सिद्ध केले.

ज्ञान आहे, उपाय आहे. उणीव आहे ती वेळेवर गाठण्याची. म्हणून दवाखान्याने हार-तुरे आणि फलक यांवरचा खर्च वाचवून एक साधी वही ठेवावी. तीत प्रत्येक मधुमेह्याचे नाव असावे. वर्षातून एकदा थेंब घालून, बाहुली मोठी करून त्याचा पडदा तपासावा. जो आला नाही त्याच्या घरी निरोप धाडावा. ज्याची रोजंदारी बुडते त्याला गाडीभाडे द्यावे. आपणही घरच्या वडीलधाऱ्यांना ‘दिसतंय ना नीट?’ एवढे विचारून थांबू नये, त्यांना तपासणीला घेऊन जावे.

समारंभ संध्याकाळी उरकतो. वही मात्र पुढच्या वर्षीही उघडावी लागते. भुईगावच्या त्या दगडाने ज्याला फळ देणारा विधी म्हटले, तो बहुधा असाच असावा.