तारा जोडणाऱ्या बायका

आपल्या रेडिओच्या खोलीत पहिल्यांदा येणारी बाई आधी माईक बघते, मग कानाला लावायचा हेडफोन बघते. मग टेबलाशेजारच्या काळ्या पट्टीकडे बोट दाखवून विचारते, "ताई, ही एवढी भोकं कशाला?" दोन ओळी, एकेका ओळीत चोवीस भोकं, काहींत हातभर लांबीच्या केबली खोचलेल्या. या पट्टीला पॅचबे म्हणतात. आज तिचीच गोष्ट सांगायची आहे. या गोष्टीत पानोपानी बायका भेटतात.

आधी ती काय करते ते बघू. शेताला पाणी देताना आपण दारं धरतो. पाट एकच असतो. या वाफ्याचं दार मोडलं की पाणी इकडे वळतं, ते बांधून पुढचं मोडलं की तिकडे जातं. त्यासाठी विहिरीवरची मोटार उचलून न्यावी लागत नाही. पॅचबे म्हणजे आवाजाची दारं धरायची जागा. माईकचा मिक्सर, रेकॉर्डर, कॉम्प्युटर, टेलिफोन या सगळ्यांच्या वायरी मागच्या बाजूने तिथे कायमच्या आणून ठेवलेल्या असतात. कुणाचा आवाज कुणाकडे जायचा, ते पुढून एक छोटी केबल खोचून ठरवायचं. टेबलाखाली शिरून वायरी ओढायचं काम राहत नाही.

ही युक्ती आली टेलिफोनमधून. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना टेलिफोनचं पेटंट मिळालं १८७६ साली. पण प्रत्येक घरातून दुसऱ्या प्रत्येक घरी तार कशी ओढणार? म्हणून सगळ्या तारा एका जागी आणायच्या आणि तिथे हव्या त्या दोन जोडायच्या, असं ठरलं. २८ जानेवारी १८७८ रोजी अमेरिकेत न्यू हेवन गावी असं पहिलं व्यापारी एक्स्चेंज सुरू झालं. ग्राहक होते २१. त्या फळीच्या दांड्या किटलीच्या झाकणांच्या मुठींपासून केल्या होत्या, असं सांगतात. म्हणजे या यंत्रात पहिल्यापासूनच स्वयंपाकघर होतं!

सुरुवातीला या फळीवर पोरं बसवली. ती तारखात्यात काम केलेली. तिथे यंत्राशी गाठ होती, इथे माणसांशी बोलायचं होतं. पोरं आरडाओरडा करायची, ग्राहकांना शिव्या द्यायची. १ सप्टेंबर १८७८ रोजी बोस्टन शहरात एम्मा नट नावाच्या तरुणीला कामावर घेतलं आणि त्याच दिवशी तिची बहीण स्टेलाही लागली. एम्माने पुढे तीस वर्षांहून जास्त हे काम केलं. काही वर्षांत पोरं गेली आणि फळ्यांसमोर बायकाच बायका बसल्या. त्यांचा आवाज गोड, स्वभाव शांत, असं कौतुक व्हायचं. त्यांना पगार कमी द्यावा लागतो, हे कारण मात्र हळू आवाजात सांगितलं जायचं. लग्न झालेल्या बाईला बहुतेक ठिकाणी ही नोकरी मिळत नसे.

काम कसं होतं? समोर शेकडो भोकांची फळी. कुणी फोन उचलला की खूण दिसायची. बाई तिथे पिन खोचायची, नंबर विचारायची आणि दोरीचं दुसरं टोक त्या नंबरच्या भोकात घालायची. बोलणं संपलं की दोन्ही पिना काढायच्या. दिवसभर हेच, आणि मागे देखरेख करणारी उभी. सहा मिलिमीटरपेक्षा थोडी जाड अशी ती पिन आजही जवळजवळ तशीच आहे. गिटारला लागते ती आणि आपल्या पॅचबेत जाते ती, दोन्ही त्याच घराण्यातल्या.

पहिल्या महायुद्धात १९१८ साली अमेरिकेने दोनशेहून अधिक ऑपरेटर बायका फ्रान्समध्ये पाठवल्या. त्यांना इंग्रजी आणि फ्रेंच दोन्ही येत होतं. गणवेश, शपथ, शिस्त सगळं लष्कराचं. तोफा चालू असताना सैन्याचे निरोप त्यांच्या हातून गेले. त्यांच्या प्रमुख ग्रेस बँकर यांना लष्कराचं पदक मिळालं. घरी परतल्यावर मात्र त्यांना सांगितलं गेलं, तुम्ही सैनिक नव्हताच. ना निवृत्तीचे हक्क, ना मान. त्या भांडत राहिल्या. कायद्याने त्यांना सैनिक मानलं ते १९७७ साली. तोवर बहुतेक जणी हे जग सोडून गेल्या होत्या.

एप्रिल १९१९ मध्ये अमेरिकेच्याच न्यू इंग्लंड भागात सुमारे आठ हजार ऑपरेटर बायकांनी संप केला. ज्युलिया ओ'कॉनर त्यांच्या पुढारी होत्या. सहा दिवस फळ्या मुक्या राहिल्या. मग पगार वाढला. जोडणारे हात थांबले तेव्हा त्या हातांची किंमत कळली.

आपल्याकडे मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज सुरू झालं १८८२ साली. ट्रंक कॉल लावून तासन्‌तास वाट पाहिलेल्या आज्या अजून आहेत. पलीकडून "बोला" म्हणणारा तो बाईचा आवाज त्यांच्या लक्षात आहे. तिचं नाव कुणीच विचारलं नाही.

पुढे रेडिओ आला. रेडिओच्या लोकांनी टेलिफोनचंच सामान उचललं, आणि ती भोकांची फळी स्टुडिओत आली. इंग्लंडच्या बीबीसीत डॅफ्ने ओरम ही मुलगी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कामाला लागली. पुरुष युद्धावर गेले म्हणून तांत्रिक कामाचं दार तिला उघडलं होतं. रात्री सगळे घरी गेले की ती टेपरेकॉर्डर गोळा करायची, एकमेकांना जोडायची आणि नवे आवाज तयार करायची. १९५८ साली बीबीसीने अशा आवाजांसाठी वेगळा विभाग काढला, त्यात तिचा मोठा वाटा होता. पण तिला हवं तसं काम तिथे करता येईना. पुढच्याच वर्षी तिने नोकरी सोडली आणि केंट भागात, पिकाची फुलं वाळवायच्या एका जुन्या इमारतीत राहायला जाऊन तिथेच आपला स्टुडिओ उभा केला. घरातला स्टुडिओ आज नवा वाटत नाही. तेव्हा एकट्या बाईने तो उभारणं ही फार मोठी गोष्ट होती.

त्याच विभागात नंतर डेलिया डर्बिशर आली. १९६३ साली 'डॉक्टर हू' या मालिकेचं संगीत तिने टेपचे तुकडे कापून, जोडून घडवलं. मालिकेच्या पडद्यावर तिचं नाव आलं २०१३ साली. ती २००१ सालीच वारली होती.

आपल्या देशातही १९६९ साली अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग नावाचं वाद्य आलं. त्यात भागाभागांत केबली खोचूनच सूर काढायचे. तिथे स्वर घडवणाऱ्यांत गीता साराभाई होत्या. बायका पखवाजाला हात लावत नसत, तेव्हा पखवाज शिकलेल्या गीताताई.

आता आपल्या खोलीकडे येऊ. २००६ साली सरकारने गावपातळीवरच्या संस्थांना रेडिओची परवानगी दिली. २००८ साली तेव्हाच्या आंध्र प्रदेशात, मेदक जिल्ह्यातल्या माचनूर गावी दलित बायकांचा संघम रेडिओ सुरू झाला, आणि साताऱ्याच्या म्हसवडला माणदेशी तरंग. त्यांच्यामागून आपल्यासारख्या कितीतरी जणी आल्या.

आमचा पॅचबे शहरातला एक तंत्रज्ञ जोडून गेला होता. त्याने कुठेच काही लिहून ठेवलं नाही. एकदा पाण्याच्या टँकरबद्दल बोलायला एक आजी आल्या. मनातलं सगळं बोलल्या. बारा मिनिटांनी कळलं की आवाज बाहेर गेलाच नाही. कुठलीशी केबल चुकीच्या भोकात होती. तंत्रज्ञाला फोन केला तर म्हणाला, "गुरुवारी येतो." आजी काही न बोलता उठल्या. त्यांना पुन्हा बोलावायला मला महिना लागला.

त्या गुरुवारची वाट आम्ही पाहिली नाही. दोघी बसलो. एक मागून वायर हलवायची, दुसरी पुढे वहीत लिहायची. दोन दुपारी गेल्या, पण सगळं उमगलं. ज्या गटांना असा स्टुडिओ करायचा आहे, त्यांच्यासाठी शिकलेलं सांगते.

वरच्या ओळीत येणारे आवाज, खालच्या ओळीत ते जायच्या जागा. हे कधीही उलटं करायचं नाही. रोज जे दोन जोडलेले लागतात ते एकाखाली एक ठेवायचे. बहुतेक पॅचबेत अशी सोय असते की केबल न लावताच वरचा आवाज आतून खाली जातो. खाली केबल खोचली की ती आतली वाट तुटते आणि नवा आवाज येतो. वर खोचली तर जुनी वाट चालूच राहते आणि आवाजाला आणखी एक वाट फुटते. हे एकदा हाताने करून पाहा, लगेच कळतं.

काही माईकना मिक्सरमधून ४८ व्होल्टचा पुरवठा जातो. ते पॅचबेत घालू नका, थेट मिक्सरला जोडा. पिन खोचताना क्षणभर तारा एकमेकींना चिकटतात आणि माईक किंवा मिक्सर बिघडू शकतो. मोठ्या स्पीकरची वायरही तिथे आणायची नाही. थोडी भोकं रिकामी ठेवा, सामान वाढतंच. आणि दोन माईक, एक मिक्सर एवढंच असेल तर पॅचबे घेऊच नका, पैसे वाचवा.

प्रत्येक भोकाखाली मराठीत चिठ्ठी लावा. आमच्याकडे 'आजींचा माईक' असं एका चिठ्ठीवर लिहिलंय. वायर बदलली की त्याच दिवशी वहीत नोंद. वही कुलपात ठेवायची नाही, सगळ्यांच्या हाताला येईल अशी ठेवायची.

तुमच्या ओळखीत टेलिफोन एक्स्चेंजवर काम केलेली कुणी आत्या, मावशी, शेजारीण असेल, तर तिला घेऊन या. माईक तयार आहे. पहिलं तिचं नाव विचारू.