सांबाराचं कूळ

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात एक प्रतापगड आहे. नाव ऐकून अफजलखान आठवायचं कारण नाही, तो प्रतापगड साताऱ्याकडचा. इथला डोंगर महादेवाचा, शिवाय तिथेच दर्गाही आहे, आणि महाशिवरात्रीला मोठी यात्रा भरते. यात्रेहून परतताना वाटेतल्या बाजारात ‘सांबार द्या’ म्हटलं, की भाजीवाली हिरवीगार कोथिंबिरीची जुडी पुढे करते. पुण्या-मुंबईचा पाहुणा इथे हमखास चकतो, कारण त्याच्या ओळखीचं सांबार इडलीसोबत वाटीत येतं. विदर्भात मात्र सांबार म्हणजे कोथिंबीर. कोणी सांभारही म्हणतं. थंडीत तो स्वस्त झाला, की खसखस, सुकं खोबरं आणि चारोळी घालून त्याचं सारण होतं, बेसनाच्या पारीत भरून ते तळतात, आणि ही सांबारवडी गरम कढीबरोबर खातात.

वाटीतल्या सांबाराची जन्मकथा आपल्याकडे फार लाडकी आहे. तंजावरच्या मराठा दरबारात छत्रपती संभाजी महाराज पाहुणे म्हणून आले. त्यांच्यासाठी आमटी करायची, तर महाराष्ट्रातून येणारी आमसुलं संपलेली. मग कोणीतरी सुचवलं की इथली चिंच घालून बघा. काही जण तर सांगतात, की खुद्द शहाजीराजांनीच पळी हातात घेतली. आमटी फक्कड जमली, पाहुणे खूष झाले, आणि संभाजींचा आहार म्हणून तिचं नाव पडलं सांबार. म्हणजे दक्षिणेचं सगळ्यांत दाक्षिणात्य कालवण निघालं आपलंच! गोष्ट इतकी सोयीची असली, की मला तिच्या सनावळ्या तपासाव्याशा वाटतात.

हे शहाजी म्हणजे शिवरायांचे वडील नव्हेत. शिवरायांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांनी 1675च्या सुमारास तंजावर घेतलं, त्यांचा हा मुलगा. म्हणजे संभाजीराजांचा चुलतभाऊ. तो 1684 साली गादीवर आला तेव्हा जेमतेम बारा वर्षांचा होता. संभाजीराजे 1689च्या फेब्रुवारीत संगमेश्वरला पकडले गेले आणि मार्चमध्ये त्यांची हत्या झाली. गोष्टीला जागा उरते ती मधल्या पाच वर्षांत. त्या काळात औरंगजेब दख्खनमध्ये ठाण मांडून होता, 1686 साली विजापूर आणि 1687 साली गोवळकोंडा पडलं. एवढ्या धामधुमीत चिंचेच्या आमटीची पंगत बसवायची, आणि पळी द्यायची ती एका पोराच्या हाती! हा शहाजी पुढे मोठा विद्यारसिक राजा झाला, तेलुगूत त्यानं यक्षगानं लिहिली. पण आचाऱ्याचं काम त्याच्या गळ्यात घालायला त्याच्या लेखणीचा पुरावा पुरत नाही.

चिंचेचं म्हणाल, तर दक्षिणेला ती कोणी शिकवायची गरज नव्हती. तमिळ कुळंबू चिंचेवरच उभं असतं. कन्नडमध्ये सांबाराच्या भावंडाला हुळी म्हणतात, हुळी म्हणजे आंबट. गोविंद वैद्यानं 1648 साली लिहिलेल्या ‘कंठीरव नरसराज विजय’ या कन्नड काव्यात हुळी जेवणाच्या पानात आलेली आहे. व्यंकोजीराजे तंजावरात पोचायला तेव्हा पाव शतकाहून अधिक अवकाश होता.

नावाचं मूळ शोधायला दरबारात शिरायची गरजच नाही. संस्कृतात संभार म्हणजे गोळा केलेलं साहित्य, सामग्री. स्वयंपाकघरात सामग्री म्हणजे मसाला, आणि त्या अर्थानं हा शब्द पश्चिम आणि दक्षिण भारतभर नांदतो आहे. कन्नडमध्ये मसाल्याच्या जिनसांना आजही सांबार पदार्थ म्हणतात. पारशांच्या घरात सांभार मसाल्याची बरणी असते. गुजरातीत फोडणीला टाकलेला कोबी-गाजराचा संभारो ताटात येतो. केरळात आलं-मिरची घातलेलं ताक म्हणजे संभारम्. या सगळ्यांना संभाजीराजांच्या पंगतीला बसवता येत नाही. गोंदियाची भाजीवालीही याच कुळातली. माझा तर्क असा, की तिच्याकडे मसाल्याचा शब्द रोजच्या स्वयंपाकात मसाल्यासारख्याच लागणाऱ्या एका पाल्यावर येऊन स्थिरावला, आणि तंजावराकडे तो मसाला ज्यात पडतो त्या कालवणावर. तमिळ लिपीत ब आणि भ वेगळे लिहीत नाहीत, त्यामुळे सांबार आणि संभाजी कागदावर आणखीच जवळ आले असतील.

याचा अर्थ तंजावरच्या मराठ्यांनी स्वयंपाकात काही केलं नाही, असा अजिबात नाही. उलट त्यांच्या मुदपाकखान्याची खरी कागदपत्रं दंतकथेपेक्षा रसाळ आहेत. व्यंकोजीराजांच्या राणी दीपाबाई यांच्या आश्रयाला रघुनाथ गणेश नवहस्त नावाचा पंडित होता. मूळचा महाराष्ट्रातला. त्यानं ‘भोजनकुतूहल’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. कोणतं अन्न कसं, त्याचे गुणदोष काय, ते कधी खावं, असा सगळा विचार त्यात आहे, आणि जिलबीची कृतीही आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेचे प. कृ. गोडे यांनी या पंडिताचा काळ आणि आश्रयदाते शोधून काढले, नाहीतर तो पोथ्यांतच राहिला असता. पुढे दुसऱ्या सरफोजीराजांच्या वेळी (1798 ते 1832) राजवाड्यातल्या पाककृती मराठीत लिहून ठेवल्या गेल्या. ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाची ती पोथी तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयानं छापलीही आहे. संभाजी-सांबाराची गोष्ट सांगणाऱ्या शंभरांतल्या एकानंही ती उघडली असेल, असं मला वाटत नाही.