नोकरी सांभाळून शिक्षण : रात्रशाळेपासून ऑनलाइन पदवीपर्यंत

दिवसभर राबणाऱ्याला शिकवायचे असेल तर शाळेनेच आपली वेळ बदलली पाहिजे, हे महाराष्ट्रात फार लवकर ओळखले गेले. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा सुरू केली. पुढे मुंबईत गिरण्या वाढल्या आणि ही गरज हजारोंची झाली.

पण शाळा रात्री भरली तरी कामगाराच्या अंगात बसण्याचे त्राण उरले पाहिजे. १९११ च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतील प्रौढ पुरुषांच्या कामाला प्रथमच दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली. १९२२ मध्ये ती ११ तासांवर आली, १९३४ च्या कायद्याने बारमाही कारखान्यांत १० तासांवर, आणि १९४६ मध्ये आठवड्याचे तास ४८ झाले. रात्रशाळांचा इतिहास म्हणूनच कारखाना कायद्यांच्या शेजारी ठेवून वाचावा लागतो. कामगार नेते ना. म. जोशी यांच्या कार्यात हे दोन्ही धागे एकत्र आले. १९११ मध्ये त्यांनी स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने रात्रशाळा आणि वाचनालये चालवली; १९२० मध्ये आयटक या कामगार महासंघाच्या स्थापनेतही ते अग्रभागी होते आणि मध्यवर्ती कायदेमंडळात कामगारांची बाजू मांडत राहिले. मुंबईच्या गिरणगावात एकेका खोलीत अनेक जण दाटीवाटीने राहत. अशा माणसाला रात्रशाळेने अक्षरांबरोबर दिव्याखाली बसायला जागाही दिली, आणि तिचे मोल मोठे होते.

महाविद्यालयाच्या पातळीवर हाच विचार डॉ. आंबेडकरांनी केला. त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या सिद्धार्थ महाविद्यालयाचे वर्ग सकाळी भरत. तास संपवून विद्यार्थी कचेरीत वेळेवर पोचू शकत.

या सर्व सोयींत एक उणीव होती : विद्यार्थ्याने घराबाहेर पडणे भाग होते. घर आणि मुले सांभाळणाऱ्या बाईला रात्रीचा वर्ग बहुधा अशक्यच असे. दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये पत्रद्वारा अभ्यासक्रम सुरू केला आणि पाठ टपालाने घरी येऊ लागले. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. स्वयंअध्ययनाची पुस्तके आणि गावोगावची अभ्यासकेंद्रे हा त्याचा कणा. बारावी न झालेल्यांसाठी पूर्वतयारीचा अभ्यासक्रमही होता, आणि शाळा अर्ध्यावर सुटलेल्यांसाठी तो खरा दरवाजा ठरला.

२०१७ मध्ये ‘स्वयम्’ हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ आले. विद्यापीठ अनुदान आयोगाने पूर्ण ऑनलाइन पदव्यांसाठी २०१८ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये नियम केले. वर्गाची जागा आणि वेळ दोन्ही सुटली, तसे अभ्यासक्रम आटोपशीर, काही आठवड्यांचेही झाले. मात्र अभ्यासाचे तास कमी झाले नाहीत. दूरशिक्षणात एक श्रेयांक (क्रेडिट) म्हणजे साधारण ३० तासांचा अभ्यास. चार श्रेयांकांचा विषय २४ आठवड्यांत केला तर आठवड्याला ५ तास पुरतात. तोच ८ आठवड्यांत उरकायचा तर १५ तास लागतात. आठवड्याच्या ४८ तासांच्या नोकरीनंतर हे तास झोपेतून, रविवारातून किंवा घरच्यांच्या वाट्यातून काढावे लागतात. रात्रशाळेच्या काळात कामाच्या तासांना कायद्याने हद्द घातली होती. जलद अभ्यासक्रम घेणाऱ्याला अभ्यासाच्या तासांची हद्द घरातल्या माणसांशी बोलून स्वतःच आखावी लागते.